सिगारच्या पेटीतून निघालेला कारखाना

मुंबईच्या लोकलगाडीने वर्षानुवर्षे कचेरीला जाणाऱ्या एखाद्या गृहस्थांना विचारून पाहा, ‘सीमेन्स म्हणजे काय हो?’ ते ताबडतोब सांगतील, ‘अहो, ती पांढरी-जांभळी गाडी!’ २००७ साली त्या गाड्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर धावू लागल्या. डबे मद्रासच्या पेरांबूर कारखान्यातले. फक्त आतली विजेची यंत्रसामग्री सीमेन्सची. पण जनतेने साऱ्या गाडीलाच ते नाव देऊन टाकले. ठाणेकराला विचाराल, तर तो कळव्याच्या कारखान्याकडे बोट दाखवील. एखादे डॉक्टर क्ष-किरणांच्या यंत्राची आठवण सांगतील. आणि घरात पदार्थविज्ञान शिकणारा मुलगा असेल, तर तो म्हणेल, ‘बाबा, ते विद्युत्वाहकता मोजायचे परिमाण आहे.’ सगळ्यांचेच उत्तर बरोबर. खुद्द जर्मनीत मात्र या नावाचा उच्चार ‘झीमेन्स’ असा करतात. आपण आपला सरावाचा उच्चारच पुढे चालवू.

दोन शतके होत आली, तरी ज्याच्या नावाने आपण गाडी ओळखतो, तो माणूस होता एका कर्जबाजारी शेतकऱ्याचा मुलगा. हॅनोव्हरजवळच्या लेंथे गावी १३ डिसेंबर १८१६ रोजी वेर्नर सीमेन्सचा जन्म झाला. वडील दुसऱ्याची जमीन खंडाने करीत. घरात चौदा मुले झाली. त्यांतली काही लहानपणीच दगावली. वेर्नरला शिकायचे होते गणित आणि विज्ञान, पण फीला पैसा नव्हता. तेव्हा त्याने एक युक्ती केली. प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाले म्हणजे लष्करी अभियांत्रिकी शाळेत फुकट शिकता येत असे. १८३४ साली तो भरती झाला आणि पुढे बर्लिनच्या त्या शाळेत तीन वर्षे गणित, रसायन, पदार्थविज्ञान शिकला. शिक्षणासाठी पलटणीत जाणारी मुले आपल्याकडेही काही कमी झाली नाहीत!

१८३९ साली आई गेली, पुढच्याच वर्षी वडीलही वारले. मागे धाकट्या भावंडांची रांग, आणि मोठ्या दादाचा पगार लष्करातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा. पुढची सारी कहाणी या अडचणीतून निघाली आहे. वेर्नरने शोध लावले ते कीर्तीसाठी खरेच, पण त्याहून अधिक भावांच्या शाळेच्या फीसाठी.

तुरुंगातला सुवर्णयोग

त्याच सुमारास एका मित्राच्या द्वंद्वयुद्धात तो साक्षी म्हणून उभा राहिला. द्वंद्वयुद्धाला कायद्याची बंदी होती. माग्देबुर्गच्या किल्ल्यात पाच वर्षे कैदेची शिक्षा झाली. आपल्या जागी कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. या स्वारीने कोठडीतच प्रयोगशाळा मांडली! गावातल्या औषधवाल्याकडून चोरून रसायने मागविली आणि विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा मुलामा चढविण्याचा प्रयोग सुरू केला. एके दिवशी साधा चमचा द्रावणात धरला आणि तो बघता बघता सोन्यासारखा झळकू लागला.

पण तेवढ्यात राजाची माफी आली! प्रयोग अर्धवट राहणार म्हणून वेर्नरने उलट अर्ज केला की, मला आणखी काही दिवस येथेच राहू द्यावे. राजकृपेचा हा अपमान अधिकाऱ्यांना मुळीच रुचला नाही. त्यांनी त्याला मध्यरात्री किल्ल्याबाहेर काढले. ही हकीकत त्याने आपल्या आठवणींत मोठ्या खुशीने सांगितली आहे. १८४२ साली मुलाम्याच्या कृतीचे पेटंट मिळाले. दुसऱ्या वर्षी वीस वर्षांचा भाऊ विल्हेल्म ती कृती विकायला इंग्लंडला गेला. धड इंग्रजीही येत नव्हते, पण त्याने बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीला सुमारे दीड हजार पौंडांना ती विकली. घरात पैसा आला. आणि एक भाऊ इंग्लंडमध्ये असला म्हणजे काय होते, हेही घराला कळले.

त्यानंतर वेर्नरला तारायंत्राने झपाटले. इंग्रज कारागिरांची यंत्रे तेव्हा बेभरवशाची होती. त्याने सिगारच्या पेटीचे लाकूड, पत्र्याचे तुकडे, थोडे लोखंड आणि आवरण घातलेली तांब्याची तार, एवढ्यावर नवे यंत्र तयार केले. यात खटका दाबायची सांकेतिक भाषा शिकायला नको. घड्याळासारख्या तबकडीवर अक्षरे, आणि इकडे काटा ज्या अक्षरावर थांबेल त्याच अक्षरावर तो तिकडेही थांबायचा. हा खेळ प्रत्यक्षात उतरवायला कुशल हात हवा होता. तो मिळाला योहान गेओर्ग हाल्स्के या यंत्रकारागिराचा. १८४७ च्या ऑक्टोबरात बर्लिनच्या एका घराच्या मागच्या बाजूला ‘सीमेन्स आणि हाल्स्के’ यांचा कारखाना सुरू झाला. दहा-बारा माणसे होती. भांडवल ६,८४२ थालेर, तेही एका वकील चुलतभावाने दिलेले. या चुलतभावाचा मुलगा पुढे डॉइश बँकेच्या पहिल्या संचालकांपैकी एक झाला. घराण्याचे धागे असे दूरवर विणले गेले होते.

गिऱ्हाईक कोण? सरकार!

या धंद्याची गंमत आणि मेख एकाच ठिकाणी होती. साबण काढला तर तो हजार घरी विकता येतो. तारायंत्र कोण घेणार? ते घेणार राजा, लष्कर, नाहीतर रेल्वे. मला वाटते, या कंपनीची बरीचशी बरी-वाईट हकीकत या एका किल्लीने उघडते. तिचे मोठे गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून सरकार हेच होते. मग ते सरकार कोणाचे का असेना.

पहिले गिऱ्हाईक प्रशियाचे सरकार. बर्लिनपासून फ्रांकफुर्टपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटरची तार कंपनीने टाकली. २८ मार्च १८४९ रोजी फ्रांकफुर्टच्या राष्ट्रीय सभेने प्रशियाच्या राजाला जर्मनीचा सम्राट निवडले आणि तासाभरात ती वार्ता बर्लिनला पोहोचली. राजेसाहेबांनी पुढे तो मुकुट नाकारला, ही गोष्ट निराळी; बातमी मात्र वेळेवर आली होती!

मग लवकरच बिनसले. सरकारच्या घाईमुळे जमिनीखालच्या तारा उथळ पुरल्या होत्या. उंदीर-घुशींनी त्या कुरतडल्या, आवरणे खराब झाली, आणि तारा निकामी होऊ लागल्या. दोष कोणाचा? वेर्नरने १८५१ साली पुस्तिका छापून सरळ सांगितले की, चूक घाईची आणि काटकसरीची आहे. तो खरे बोलला. त्याचे बक्षीस म्हणून सरकारी कामे बंद झाली. कारखाना बुडायची वेळ आली.

त्या धक्क्याने वेर्नर एक धडा शिकला : एकाच दरबाराच्या भरवशावर राहू नये. १८५३ साली त्याने चोवीस वर्षांच्या कार्ल या भावाला रशियाला पाठविले. झारचे क्रिमियन युद्ध तोंडावर होते आणि त्याला तारा हव्या होत्या, त्याही ताबडतोब. दोन-तीन वर्षांत कार्लने जवळजवळ दहा हजार किलोमीटर तारा टाकल्या. त्याहूनही शहाणपणाचे काम म्हणजे त्या तारांच्या देखभालीचा करार त्याने वर्षांच्या बोलीवर मिळविला. रशियन सरकारने पैसे ठरविले ते माणसांची फौज लागेल अशा हिशेबाने. वेर्नरने ठिकठिकाणच्या चौक्यांत साधी यंत्रे ठेवून बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे चटकन कळेल अशी सोय केली. माणसे थोडी लागली, नफा भरपूर राहिला.

आता तीन भाऊ तीन राजधान्यांत बसले होते. वेर्नर बर्लिनला, कार्ल पीटर्सबर्गला, आणि विल्हेल्म लंडनला. तो तोवर इंग्रज नागरिक होऊन विल्यम झाला होता. रोजच्या रोज पत्रे चालत. भांडत ते पुष्कळ, पण भागीदारी तुटली नाही. या त्रिकुटाच्या हातून जे मोठे काम झाले, त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे.

अठ्ठावीस मिनिटे

१८५७ च्या उठावाने इंग्रजांची झोप उडविली होती. लंडनहून हिंदुस्थानचा राज्यकारभार हाकायचा आणि बातमी मिळायला महिना, हे कसे चालावे? १८६५ साली तुर्कस्तानमार्गे तार जोडली गेली, पण ती नावालाच. वाटेत ठिकठिकाणी इंग्रजी न जाणणारे तारमास्तर मजकूर उतरवून घेत आणि पुढे पाठवीत. निरोप पोहोचायला कित्येक दिवस लागत, आणि पोहोचला तरी त्याचा अर्थ लागेलच असे नसे. आपल्याकडे लग्नाची तार चुकून सुतकाची झाल्याच्या गोष्टी सांगतात, त्यातलाच प्रकार.

सीमेन्स बंधूंनी ठरविले की, तार प्रशिया, रशिया आणि इराण या तीन राज्यांतून न्यायची, आणि मधे कोणी हाताने उतरवून घ्यायचेच नाही; यंत्रानेच ती पुढे ढकलायची. वेर्नरने यंत्र तयार केले, तिन्ही भावांनी तिन्ही दरबारांच्या परवानग्या मिळविल्या, आणि १८६८ साली काम सुरू झाले. लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, केर्च, तिफ्लिस, तेहेरान आणि तेथून इंग्रजांच्या तारेने कराची, कलकत्ता. सुमारे अकरा हजार किलोमीटरांची वाट. खांब बैलगाड्यांवरून, उंटांवरून, डोंगर-वाळवंटांतून गेले. वॉल्टर नावाचा धाकटा भाऊ तिफ्लिसला हे काम पाहत असे. १८६८ साली घोड्यावरून पडून तो तेथेच मरण पावला.

१२ एप्रिल १८७० रोजी विल्यमने लंडनमध्ये बड्या मंडळींना बोलाविले आणि त्यांच्यादेखत कलकत्त्याला तार केली. अठ्ठावीस मिनिटांत ती पोहोचली. तासाभरात उत्तरही आले. लोक थक्क झाले. त्याच वर्षी समुद्रातून मुंबईपर्यंत दुसरी इंग्रजी तार आली आणि स्पर्धा सुरू झाली. शिवाय पहिल्याच उन्हाळ्यात काळ्या समुद्रातली तार भूकंपाने तुटली आणि किनाऱ्यावरून खांब रोवावे लागले. तरीही ही तार १९३१ पर्यंत चालू राहिली. तिच्यावरून कोणाचे हुकूम आले आणि कोणाच्या कापसाचे भाव गेले, हे सांगायला नको. तार बांधणाऱ्याने तेही विचारले नाही.

या साऱ्या धडपडीत बिचारा हाल्स्के मात्र थकला. त्याला सुबक यंत्रे घडविण्यात आनंद वाटे. समुद्रात जहाजभर तार बुडवून लाखोंची पैज लावणे त्याच्या स्वभावात नव्हते. १८६७ साली तो भागीदारीतून बाहेर पडला. स्नेह मात्र शेवटपर्यंत टिकला.

विजेचे विरजण

त्या आधीच्या हिवाळ्यात वेर्नरने जो शोध लावला, त्याने तारायंत्रही मागे पडले. विजेची यंत्रे तोवर पोलादी लोहचुंबकांवर चालत. ती फार दुबळी. वेर्नरच्या ध्यानात आले की, साध्या लोखंडातही किंचित चुंबकत्व शिल्लक असते. यंत्र फिरविले की तेवढ्याने थोडी वीज उत्पन्न होते. ती वीज त्याच लोखंडाभोवतीच्या वेटोळ्यांतून सोडली की चुंबकत्व वाढते. ते वाढले की वीज आणखी वाढते. गृहिणींना हे तत्त्व चटकन कळेल. वाटीच्या तळाशी राहिलेल्या चमचाभर दह्याने पातेलेभर दूध विरजते, तसेच हे! जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे हा डायनॅमोचा सिद्धान्त वाचण्यात आला. इंग्लंडात व्हीटस्टन आणि व्हार्ली यांना त्याच सुमारास तेच सुचले होते. पण त्याचा धंदा काय होऊ शकेल, हे वेर्नरला दिसले.

१८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्याने तीनशे मीटरच्या गोल रुळांवर विजेची गाडी सोडली. इंजिन एवढेसे, वर हाकणारा स्टुलावर बसावा तसा बसलेला, मागे अठरा उतारूंची तीन बाके. धूर नाही, कोळसा नाही! चार महिन्यांत ८६ हजार लोक त्या गाडीत बसून आले. दोन वर्षांनी बर्लिनजवळ विजेची ट्रामही धावली. आपल्या मुंबईत पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती १९२५ साली.

कामगारांसाठी त्याने १८७२ सालीच निवृत्तिवेतनाचा निधी काढला होता, सरकारने तसा कायदा करण्यापूर्वी कितीतरी आधी. यात केवळ दयाबुद्धी नव्हती; कसबी माणूस टिकावा हा हिशेबही होता, आणि तो त्याने लपविला नाही. क्षणभराच्या नफ्यापायी आपण भविष्याचा सौदा करणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार कंपनी आजही अभिमानाने सांगते. १८८८ साली त्याला ‘फॉन’ ही सरदारकी मिळाली आणि १८९२ च्या डिसेंबरात तो वारला.

भवितव्य विकले ते दिवस

पुढच्या पिढ्यांत कारखाना एवढा वाढला की, बर्लिनच्या ज्या भागात तो होता त्यालाच ‘सीमेन्सनगर’, म्हणजे सीमेन्सश्टाट, असे नाव पडले. वीजघरे, दूरध्वनी, क्ष-किरणांच्या नळ्या, आयर्लंडच्या शॅनन नदीवरचे मोठे जलविद्युत्केंद्र, असे काय काय त्यांनी केले याची यादी द्यायची तर अंकाची पाने पुरायची नाहीत.

१९३३ साली हिटलर आला. घराण्याचे प्रमुख तेव्हा वेर्नरचा धाकटा मुलगा कार्ल फ्रीडरिश. हे गृहस्थ लोकशाहीवादी पक्षातर्फे संसदेत बसलेले. नाझींबद्दल त्यांना प्रेम नव्हते. पण गिऱ्हाईक पुन्हा सरकारच होते, आणि कारखान्याने त्या गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हटले नाही. १९४१ साली कार्ल फ्रीडरिश वारले. युद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ मध्ये, निदान ८० हजार माणसांना सीमेन्समध्ये सक्तीने राबविण्यात आले. हा आकडा कंपनीनेच दिलेला आहे. बर्लिनच्या उत्तरेला राव्हेन्सब्र्युक येथे स्त्रियांची छळछावणी होती. १९४२ पासून तिच्या कुंपणाला लागून सीमेन्सने कारखान्याच्या शेडी उभारल्या. दोन हजारांवर कैदी स्त्रिया तेथे बसून दूरध्वनीचे आणि विजेचे नाजूक भाग जुळवीत. त्यांची मजुरी कंपनी छावणीचा कारभार पाहणाऱ्या एस. एस. संघटनेला देई. ज्या वेर्नरने कामगाराला म्हातारपणी पैसे मिळावेत म्हणून निधी काढला, त्याच्याच नावाच्या पाटीखाली हे घडले. घराण्याची कीर्ती सांगणाऱ्या पुस्तकांत ही पाने पुष्कळ वर्षे पातळच राहिली. नुकसानभरपाईचा स्वतंत्र निधी कंपनीने काढला तो १९९८ साली. तोवर त्या स्त्रियांपैकी कितीजणी उरल्या असतील?

त्याच कंपनीचा दुसरा एक नोकर त्याच काळात काय करीत होता, तेही सांगितले पाहिजे. जॉन राबे हे सीमेन्सचे चीनमधील नानकिंगचे प्रतिनिधी. ते नाझी पक्षाचे सभासद होते. १९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्य शहरात शिरले आणि कत्तल सुरू झाली. राबे पळाले नाहीत. इतर परदेशी लोकांना घेऊन त्यांनी शहरात निर्वासितांसाठी सुरक्षित विभाग आखला. दोन लाखांवर चिनी माणसांनी त्यात आसरा घेतला; सहाशेंहून अधिक तर राबे यांच्या घराच्या आवारातच राहत होती. हिटलरचे स्वस्तिक दाखवून हा माणूस जपानी शिपायांना हुसकून लावी! १९३८ साली त्यांना जर्मनीला परत बोलाविण्यात आले. तेथे गुप्त पोलिसांनी चौकशी करून त्यांचे तोंड बंद केले. युद्धानंतर ते अन्नाला महाग झाले, तेव्हा नानकिंगच्या नागरिकांनी वर्गणी काढून त्यांना पैसे आणि खाण्याच्या वस्तू पाठविल्या. १९५० साली ते बर्लिनमध्ये वारले.

युद्ध संपले तेव्हा कंपनीची चार-पंचमांश मालमत्ता गेली होती. बर्लिनमधली यंत्रे रशियनांनी उखडून नेली. १९४९ साली बिऱ्हाड म्युनिक आणि एर्लांगन येथे हलले, आणि १९६६ साली निरनिराळ्या शाखा एकत्र होऊन आजची कंपनी झाली. मधल्या काळात, १९५७ साली, भारतातही तिची कंपनी नोंदली गेली. कळव्याचा कारखाना तिचाच. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना तो दिसतो.

आता वाटावे की, पुढे सारे सुरळीत झाले. पण १५ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांनी म्युनिकच्या कचेऱ्यांवर छापे घातले आणि जे बाहेर आले ते विलक्षण होते. देशोदेशींची सरकारी कामे मिळावीत म्हणून कंपनी वर्षानुवर्षे लाच देत होती. कचेरीत त्यासाठी रोख पैशाच्या चक्क खिडक्या होत्या. नोकराने रिकामी बॅग घेऊन जायचे आणि दहा लाख युरोपर्यंत रक्कम भरून आणायची! अमेरिकन सरकारने मोजलेली लाचेची प्रकरणे चार हजारांवर होती आणि रक्कम सुमारे १४० कोटी डॉलर. एक मौज अशी की, परदेशात दिलेली लाच जर्मनीत १९९९ पर्यंत खर्च म्हणून आयकरातून वजा मिळत असे. त्यामुळे कित्येक हुशार आणि घरी अगदी सज्जन असलेल्या अधिकाऱ्यांना आपण काही गैर करतो आहोत असे वाटलेच नाही. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १६० कोटी डॉलर दंड भरावा लागला. त्याआधीच वरची दोन्ही मंडळी, अध्यक्ष आणि मुख्य अधिकारी, पायउतार झाली होती. कारभारी प्रथमच बाहेरून आणावा लागला.

त्यानंतर घराचे बरेच तुकडे झाले. विजेच्या दिव्यांची कंपनी २०१३ साली वेगळी झाली. वैद्यकीय यंत्रांची २०१८ साली शेअरबाजारात आली, आणि वीजनिर्मितीची २०२० साली स्वतंत्र झाली. उरलेली मूळ कंपनी आता कारखाने स्वयंचलित करणारी यंत्रे आणि संगणकाची प्रणाली विकते, आणि आगगाड्या बांधते. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिची उलाढाल सुमारे ७६ अब्ज युरो होती.

लोकलने जाणाऱ्या त्या गृहस्थांकडे जाता जाता पुन्हा वळू. त्यांची गाडी दादरला थांबण्यासाठी वेग कमी करते, तेव्हा चाके फिरविणारी मोटर क्षणात उलटे काम करू लागते. ती डायनॅमो बनते आणि वीज वरच्या तारेत परत पाठविते. तेच १८६७ चे विरजण!

आणि गिऱ्हाईकही तेच. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय रेल्वेने नऊ हजार अश्वशक्तीची १,२०० मालगाडी-इंजिने सीमेन्सकडे मागितली. किंमत सुमारे तीन अब्ज युरो. ती जुळविण्याचे काम गुजरातेत दाहोदच्या रेल्वे कारखान्यात ठरले. इंजिने अकरा वर्षांत द्यायची. देखभाल मात्र पस्तीस वर्षे. कार्लने झारशी केलेला करार या मंडळींना चांगलाच आठवत असावा. देखभालीसाठी चार ठिकाणे निवडली आहेत : विशाखापट्टणम, खरगपूर, रायपूर आणि पुणे.